स्क्रीन काढण्याआधी ती मोठ्याने वाचा

औषधांची वेळ लक्षात ठेवणारं एक ॲप मी डिझाइन करत होते. त्याची पहिली स्क्रीन मला मनापासून आवडायची. दिवसातल्या प्रत्येक गोळीसाठी एक गोल. गोळी घेतली की गोल हिरवा, चुकली की लाल, वेळ व्हायची असली की करडा. शब्द जवळपास नव्हतेच. टीममध्ये सगळ्यांना ती स्क्रीन स्वच्छ वाटायची.

मग आम्ही एका दृष्टिहीन टेस्टरना बोलावलं. त्यांनी स्वतःच्या फोनवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, चालू ठेवून ॲप उघडलं आणि उजवीकडे स्वाइप करायला सुरुवात केली. फोन बोलत गेला: बटण, बटण, बटण, बटण. ते थांबले, पुन्हा पहिल्या बटणावर आले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, यातलं कुठलं दाबलं की गोळी घेतल्याची नोंद होते?" मी म्हणाले, "डावीकडून दुसरं." ते उत्तर त्यांच्या काही उपयोगाचं नव्हतं, हे बोलतानाच माझ्या लक्षात आलं.

त्याच आठवड्यात माझ्या काकांना ॲप दाखवलं. त्यांची नजर चांगली आहे, फक्त लाल आणि हिरवा रंग त्यांना वेगळे ओळखू येत नाहीत. स्क्रीनकडे बघून त्यांनी विचारलं, "मग आज सगळ्या गोळ्या घेतल्यात की सगळ्या राहिल्यात?"

दोघांच्या अडचणी वेगळ्या, पण मूळ एकच. स्क्रीनला जे सांगायचं होतं ते तिने शब्दांत कुठेच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून डिझाइनचं टूल उघडण्याआधी मी प्रत्येक स्क्रीन कागदावर वाक्यांत लिहिते आणि मोठ्याने वाचते. स्पष्टपणा, सुसंगतपणा आणि ॲक्सेसिबिलिटी (अपंगत्व असलेल्यांनाही वापरता येणं) ही तीन वेगळी कामं म्हणून शिकवली जातात. माझ्या अनुभवात त्यातलं निम्मं काम या एका वाचनातच होतं. उरलेलं बोटाचं, डोळ्याचं आणि लिपीचं.

## वाचन कसं करायचं

एक कोरा कागद घ्या. स्क्रीन उघडल्यावर माणसाला जे कळायला हवं ते वरून खाली, एका ओळीत एक गोष्ट, असं लिहा. आमच्या त्या स्क्रीनचं सुधारलेलं लिखाण असं झालं:

आजची औषधं. तीनपैकी एक घेतलं.
रक्तदाबाची गोळी, सकाळी ८, घेतली.
जीवनसत्त्वाची गोळी, दुपारी २, घ्यायची आहे. बटण: घेतल्याची नोंद करा.
थायरॉइडची गोळी, सकाळी ६, चुकली. बटण: काय करावं ते पाहा.

आता हे अशा सहकाऱ्याला फोनवर वाचून दाखवा, ज्याने ती स्क्रीन कधीच पाहिलेली नाही. वाचून झालं की एकच प्रश्न विचारा: आता तू काय करशील? तो अडखळला तर समजावत बसू नका. जिथे तुम्हाला समजावण्याचा मोह होतो, तिथेच स्क्रीनवर काहीतरी कमी आहे. ती जागा कागदावर खूण करून ठेवा.

या वाचनात तीन दोष हमखास सापडतात. पहिला म्हणजे मथळा नसणं. स्क्रीन थेट मजकुराने सुरू होते आणि आपण कुठे आलो आहोत तेच ऐकणाऱ्याला कळत नाही. दुसरा, क्रम. आपण चित्र काढताना मोठं बटण खाली ठेवतो, त्याच्या वर सूचना ठेवतो, कोपऱ्यात तारीख टाकतो, आणि डोळा हे सगळं एका नजरेत गोळा करतो. वाचताना मात्र एकामागून एकच येतं, आणि "घ्यायची आहे" हे शब्द कुठल्या गोळीबद्दल आहेत ते हरवतं. तिसरा, गर्दी. वाचून तुम्हीच कंटाळलात तर त्या स्क्रीनवर दोन स्क्रीनचं काम कोंबलेलं आहे.

ओळीतला क्रमही महत्त्वाचा. आमचे टेस्टर फोनचं बोलणं इतक्या वेगात ऐकायचे की मला सुरुवातीला शब्दही ओळखू येत नव्हते. शिवाय वाक्य पूर्ण व्हायच्या आतच ते पुढे जायचे. म्हणून प्रत्येक ओळ तिच्या सगळ्यात वेगळ्या शब्दाने सुरू करा. "आजच्या दिवसाची नोंद, सकाळची वेळ, रक्तदाबाची गोळी" अशी रचना केली तर दहा ओळींपैकी दहाही सारख्याच सुरू होतात, आणि प्रत्येक शेवटपर्यंत ऐकावी लागते. डोळ्याने यादी चाळणाऱ्याचंही तेच होतं, फक्त ते पटकन लक्षात येत नाही.

हा कागद फेकू नका. तोच पुढे डेव्हलपरच्या हातात जातो: कुठल्या बटणाचं लेबल काय, कुठल्या चार गोष्टी एकत्र एका दमात वाचल्या जाव्यात, कुठलं चित्र नुसतं सजावटीचं आहे आणि स्क्रीन रीडरने ते वगळावं. लेबलमध्ये "बटण" हा शब्द लिहू नका. तो स्क्रीन रीडर स्वतःहून बोलतो, नाहीतर "नोंद करा बटण, बटण" असं ऐकू येतं. मी आता डिझाइनच्या फाइलमध्ये प्रत्येक स्क्रीनच्या शेजारी हे लिखाण चिकटवते. डेव्हलपर मंडळींचे प्रश्न त्यामुळे निम्म्याने कमी झाले.

## एका गोष्टीचं एकच नाव

आमच्या सगळ्या स्क्रीनची लिखाणं सलग वाचली तेव्हा एकाच कृतीसाठी चार शब्द सापडले: "जतन करा", "सेव्ह करा", "नोंदवा" आणि "पूर्ण". चार जणांनी चार वेळा लिहिलेले. कुठल्याच जागी तो शब्द चुकीचा नव्हता. पण वापरणाऱ्याने "नोंदवा" शिकल्यावर पुढच्या स्क्रीनवर "पूर्ण" दिसलं तर त्याला क्षणभर वाटतं, हे काहीतरी वेगळं असावं. तो क्षणभराचा संशय टाळणं म्हणजे सुसंगतपणा. रंग आणि कोपऱ्यांची गोलाई नंतर येते.

त्यासाठी दोन रकान्यांचा तक्ता पुरतो. डावीकडे कृती, उजवीकडे तिचा ठरलेला शब्द. नवीन स्क्रीन लिहिताना आधी तक्ता बघायचा. त्यात शब्द नसेल तरच नवा शोधायचा आणि लगेच तक्त्यात घालायचा.

मराठीत लिहिताना आणखी तीन गोष्टी ठरवून घ्या, कारण दुसऱ्या भाषेतून उतरवलेल्या मजकुरात त्या हमखास विस्कटतात. पहिली, संबोधन. ॲप वापरणाऱ्याला "तू" म्हणणार की "तुम्ही"? मी "तुम्ही" घेते. आदर तर असतोच, शिवाय "तू विसरलास" की "तू विसरलीस" हा प्रश्नच उरत नाही. "तुम्ही विसरलात" सगळ्यांना चालतं. दुसरी, बटणावर कोण बोलतंय. "नोंद करा" हे ॲप माणसाला सांगतंय, तर "मला आठवण करून द्या" हे माणूस ॲपला सांगतोय. दोन्ही ठीक, पण एकाच स्क्रीनवर दोन्ही आले की गोंधळ होतो. एक बाजू निवडा. तिसरी, "रद्द". हा शब्द खरोखर घात करतो. आमच्या ॲपमध्ये डॉक्टरांची अपॉइंटमेंट रद्द करायला गेलं की खिडकी विचारायची, "अपॉइंटमेंट रद्द करायची?" आणि खाली दोन बटणं: "ठीक आहे" आणि "रद्द करा". आता "रद्द करा" दाबल्यावर अपॉइंटमेंट रद्द होते की रद्द करणं रद्द होतं? आम्ही बटणं बदलली: "अपॉइंटमेंट रद्द करा" आणि "राहू द्या". "राहू द्या" हे घरात रोज बोलतो तसं आहे, कुणालाही पहिल्या वाचनात कळतं.

बटणावरचा शब्द प्रश्न न वाचताही कळला पाहिजे. घाईतला माणूस प्रश्न वाचत नाही, थेट बटण वाचतो. म्हणून "हो" आणि "नाही" ही बटणं मी जवळपास बंदच केलीत.

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या इंटरफेस डिझाइनच्या दहा तत्त्वांमध्ये सुसंगतपणा आणि प्रचलित संकेत हे एक स्वतंत्र तत्त्व आहे. त्यातला प्रचलित संकेतांचा भाग मला उशिरा पटला. माणूस आपल्या ॲपमध्ये दिवसातली काही मिनिटं असतो, उरलेला वेळ दुसऱ्यांच्या ॲपमध्ये. मागे जायची खूण, शोधायचं भिंग, यादी खाली ओढून ताजी करणं हे सगळं तो तिथून शिकून येतो. अँड्रॉइडवर मागे जाण्याचा हावभाव आणि आयफोनवरची टॅबची पट्टी जशी आहे तशीच ठेवा. नावीन्य दाखवायची जागा नेव्हिगेशनमध्ये नसते.

दिसण्यातला सुसंगतपणा टिकवायला रंगांना आणि मापांना कामावरून नावं द्या. "लाल-५००" असं टोकन (रंगाला किंवा मापाला दिलेलं ठरावीक नाव) ठेवलं की कुणीही ते सुंदर दिसतंय म्हणून कुठेही वापरतं. "धोक्याचा मजकूर" असं नाव ठेवलं की उत्सवाच्या बॅनरवर ते टाकताना हात थबकतो. शिवाय डार्क मोड आला की टोकनमागचा रंग एका जागी बदलतो, प्रत्येक स्क्रीन उकरावी लागत नाही. आमच्या ॲपचा आढावा घेतला तेव्हा ११ वेगवेगळे करडे रंग निघाले. आता तीन आहेत आणि चौथ्याची गरज अजून पडलेली नाही.

## बोटासाठी

१९५४ मध्ये पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका तिथे पोचायला वेळ जास्त लागतो. टच स्क्रीन तेव्हा नव्हत्या, तरी नियम अंगठ्याला तंतोतंत लागू पडतो. आकडे पाठ ठेवावेत असे आहेत: ॲपलच्या मार्गदर्शनात टॅप करायची जागा किमान ४४ बाय ४४ पॉइंट, अँड्रॉइडच्या मटेरियल डिझाइनमध्ये ४८ बाय ४८ डीपी (अँड्रॉइडचं मापाचं एकक), म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ९ मिलिमीटर. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत २४ बाय २४ पिक्सेल ही तळाची मर्यादा आहे. ती नापास होऊ नये म्हणून आहे. तिच्याकडे लक्ष्य म्हणून बघू नका.

इथे एक गैरसमज नेहमी आडवा येतो. ४८ डीपी म्हणजे आयकन एवढा मोठा दिसला पाहिजे असं नाही. दिसणारं चित्र २४ डीपीचं असू दे, त्याच्याभोवती दाबता येणारी जागा ४८ ची ठेवा. डिझाइन फाइलमध्ये ही अदृश्य चौकट खरोखर काढा, नाहीतर बांधताना ती हमखास गळते.

"बदला" आणि "पुसा" हे दोन आयकन शेजारी-शेजारी ठेवू नका. हात थरथरणाऱ्या माणसासाठी, हलत्या गाडीत उभ्या असलेल्या माणसासाठी, दुसऱ्या हातात मूल असलेल्या आईसाठी ती दोन बटणं एकच आहेत. पुसण्यासारखी कृती मेनूच्या आत न्या आणि पुसल्यावर "परत आणा" द्या. माझा कल खात्री विचारण्यापेक्षा परत आणू देण्याकडे आहे. खात्रीच्या खिडक्या चार वेळा दिसल्या की पाचव्या वेळी हात आपोआप "हो" दाबतो.

स्वाइप करून पुसणं, धरून ओढून क्रम बदलणं हे हावभाव शॉर्टकट म्हणून ठेवा, पण तीच गोष्ट साध्या टॅपने करायचा मार्गही असू द्या. डब्ल्यूसीएजी २.२ ओढण्याच्या कृतींना असा पर्याय मागतं. आणि ओढता येतं हे कुणाला न सांगता कळतही नाही.

मुख्य बटण स्क्रीनच्या खालच्या भागात ठेवा, अंगठा तिथे सहज पोचतो.

## डोळ्यासाठी

काँट्रास्टचा, म्हणजे मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातल्या फरकाचा, हिशोब सोपा आहे. साध्या मजकुरासाठी पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १, मोठ्या मजकुरासाठी ३ : १. मोठा म्हणजे १८ पॉइंट, किंवा ठळक असेल तर १४. चौकटीची रेघ, आयकन, निवडलेल्या चेकबॉक्सची खूण यांनाही ३ : १ लागतं. काळ्यावर पांढरा २१ : १ येतो. डिझाइनरांचा लाडका करडा, हेक्स कोड ९९९९९९, पांढऱ्यावर २.८५ : १ येतो, म्हणजे नापास. ७६७६७६ वर ४.५४ येतं, अगदी काठावर पास. मी दुय्यम मजकुराला ५९५९५९ वापरते. तो ७ : १ च्या आसपास जातो आणि उन्हात उभं राहूनही वाचता येतो. उन्हाची चाचणी जरूर करा. ऑफिसच्या मंद उजेडात, भल्या मोठ्या मॉनिटरवर सगळेच करडे रंग छान दिसतात.

काकांमुळे शिकलेली गोष्ट: अर्थ कधीही एकट्या रंगावर टाकू नका. आमच्या गोलांमध्ये आता घेतली तर बरोबरची खूण, चुकली तर उद्गारचिन्ह, आणि शेजारी शब्द आहे. रंग आहेच, तिसरा साक्षीदार म्हणून. पडताळायला फोनच्या सेटिंगमधून स्क्रीन पूर्ण करड्या छटांची करा आणि ॲप वापरा. जिथे अडलात तिथे रंग एकटाच काम करत होता.

फॉन्टचा आकार वापरणाऱ्याच्या सेटिंगला जुळवून घेणारा ठेवा. अँड्रॉइडवर मजकुराला एसपी हे त्या सेटिंगप्रमाणे बदलणारं एकक, आयफोनवर त्यासाठीचीच डायनॅमिक टाइप ही सोय. अँड्रॉइड १४ पासून मजकूर २०० टक्क्यांपर्यंत वाढवता येतो आणि डब्ल्यूसीएजीचीही अपेक्षा तीच आहे: दुप्पट अक्षरांवर काही हरवता कामा नये. माझ्या आईने फोनची अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात. तिने आमच्या ॲपमध्ये नाव आणि वय भरलं आणि मला फोन परत दिला. म्हणाली, "एवढंच आहे का? छान आहे." "पुढे" हे बटण मोठ्या अक्षरांमुळे स्क्रीनच्या खाली ढकललं गेलं होतं आणि ती स्क्रीन सरकतच नव्हती. तिला ॲप मोडलेलं वाटलं नाही. तिला ते संपलेलं वाटलं. अशी तक्रार कधीच कुणी पाठवणार नाही, हे त्या दिवशी मला फार टोचलं.

म्हणून तीन नियम: प्रत्येक स्क्रीन सरकली पाहिजे, कुठल्याही मजकुराच्या डब्याला पक्की उंची द्यायची नाही, आणि शेजारी-शेजारी असलेली दोन बटणं जागा पुरेनाशी झाली की एकाखाली एक आली पाहिजेत.

## देवनागरीसाठी

आमचे बहुतेक कम्पोनंट (बटणं, रकाने असे तयार भाग) रोमन अक्षरांसाठी बेतलेले असतात आणि मराठी नंतर त्यात ओतली जाते. तिथे जे तुटतं ते एकेक सांगते, कारण हे एकत्र कुठे लिहिलेलं मला क्वचितच सापडलं.

देवनागरी शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खाली, दोन्हीकडे पसरते. "सूचना" मधला ऊकार तळाला छाटला गेला की "सचना" उरतं. "सर्वांत" मधला रफार आणि अनुस्वार वर एकत्र बसतात आणि बटणाच्या वरच्या कडेला अर्धे कापले जातात. रोमन मजकुराला १.४ पट ओळ-उंची चालते, तिथे मी देवनागरीला १.६ पासून सुरुवात करते आणि मग डोळ्याने जुळवते. तपासायला "सर्वांत", "पूर्तता", "दृष्टी", "ट्रॅफिक" असे उंच-खोल शब्द वापरा. "नमन" ने काहीच कळत नाही.

अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. मथळ्यांना हवेशीर दिसावं म्हणून अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. रोमनमध्ये मोठ्या लिपीतली अक्षरं वापरून लेबल उठावदार करतात, तशी सोय आपल्याकडे नाही. उठाव आकारातून, वजनातून आणि मोकळ्या जागेतून आणावा लागतो. अतिशय बारीक वजनाचे फॉन्ट छोट्या आकारात टाळा, जोडाक्षरांमधल्या बारीक रेघा दिसेनाशा होतात.

लांब मजकूर तीन टिंबांनी कापताना कोड जर पूर्ण अक्षरांऐवजी युनिकोडचे (संगणकातल्या अक्षरचिन्हांच्या संकेतांचे) तुकडे मोजत असेल तर "प्रिस्क्रिप्शन" चं "प्रिस्क्…" होतं, पाय मोडका क लटकत राहतो. कापायचंच तर पूर्ण अक्षरावर कापायला सांगा. त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या ओळीत जाऊ द्या. औषधाचं नाव तर कधीच कापू नका.

मजकुराची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवा. याचे दोन फायदे. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचा "ल" आणि "श" वेगळा ठेवलेला असतो आणि भाषेची खूण असेल तरच तो येतो. दुसरं, स्क्रीन रीडरला कुठला आवाज वापरायचा ते कळतं. ही खूण इंग्रजी राहिली तर मराठी मजकूर परक्या उच्चारात वाचला जाऊ शकतो. "ॲ" आणि "दुसऱ्या" मधला चंद्रकोरीसारखा "र" जुन्या फोनवर नीट दिसतात का तेही पाहा. "ॲ" हे चिन्ह युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट येते.

आकडे देवनागरी की रोमन, एकच ठरवा. पण रकान्यात भरताना दोन्ही स्वीकारा. कुणी "४५" लिहिलं म्हणून "वय अंकात लिहा" असं सांगणं चूक आहे, त्यांनी अंकातच लिहिलंय.

## चुका आणि वाट पाहणं

रकान्याचं नाव रकान्याच्या आत फिकट अक्षरात ठेवू नका. लिहायला लागलं की ते गायब होतं आणि मध्येच फोन वाजून परत आलेल्या माणसाला काय भरत होतो ते आठवत नाही. नाव वर, कायम. फोन नंबरला अंकांचा कीबोर्ड उघडा. पासवर्ड आणि ओटीपी पेस्ट करू द्या. पेस्ट बंद केल्याने सुरक्षितता वाढत नाही, पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्याची आणि ज्याला सहा आकडे लक्षात ठेवणं जड जातं त्याची अडचण मात्र वाढते.

"काहीतरी चुकलं" हा संदेश आम्ही पूर्ण काढून टाकला. चुकीच्या संदेशात काय झालं आणि आता काय करायचं, दोन्ही हवं: "नेटवर्क नाही. नोंद फोनवर ठेवली आहे, जोडणी आली की पाठवू." संदेश रकान्याच्या लगेच खाली द्या, आणि भरलेलं काही पुसू नका. संदेश आला हे स्क्रीन रीडरलाही कळवा, नाहीतर न बघणाऱ्यासाठी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. दोन-तीन सेकंदांत नाहीसा होणारा टोस्ट, म्हणजे स्क्रीनवर उमटणारी छोटी सूचना, महत्त्वाच्या गोष्टीसाठी वापरू नका.

वेळेबद्दल नील्सन यांचे तीन टप्पे मी अजूनही धरते: ०.१ सेकंदापर्यंत सगळं तात्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. सेकंदाच्या वर काही लागणार असेल तर काय चाललंय ते शब्दांत सांगा.

## तपासणी

अँड्रॉइडवर आवाजाची दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून धरली की टॉकबॅक सुरू होतं. हा शॉर्टकट आधी सेटिंगमध्ये चालू करून ठेवावा लागतो. आयफोनवर त्याचा स्क्रीन रीडर, व्हॉइसओव्हर, तसाच शॉर्टकटवर लावून बाजूचं बटण तीनदा दाबा. उजवीकडे स्वाइप म्हणजे पुढची गोष्ट, दोनदा टॅप म्हणजे दाबणं. एवढ्यावर डोळे मिटून ॲपमधलं सगळ्यात महत्त्वाचं एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा. आमच्याकडे ते काम म्हणजे गोळी घेतल्याची नोंद. ऐकू येणारं आणि कागदावर लिहिलेलं जुळतंय का बघा. फरक असेल तिथे एकतर कोड चुकला आहे किंवा कागद.

गूगलचं ॲक्सेसिबिलिटी स्कॅनर आणि ॲपलच्या एक्सकोड या ॲप बांधायच्या साधनातलं ॲक्सेसिबिलिटी इन्स्पेक्टर लेबल नसणं, लहान टॅपची जागा, कमी काँट्रास्ट असे दोष पटकन दाखवतात. लेबल आहे पण ते "आयकन १२" असं आहे, हा दोष मात्र माणसालाच ऐकावा लागतो. म्हणून स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या माणसांना बोलावा, त्यांना त्यांच्या वेळेचा मोबदला द्या, आणि ते काम करत असताना गप्प बसा. शेवटचं मला सगळ्यात कठीण गेलं.

तयार ॲप हातात असेल तर सगळं एकदम हातात घेऊ नका. ते एक महत्त्वाचं काम घ्या, त्याच्या वाटेवरच्या तीन-चार स्क्रीन लिहून काढा, आधी लेबलं दुरुस्त करा. त्याने दिसण्यात काहीच बदलत नाही, त्यामुळे कुणाची परवानगी लागत नाही. मग अक्षरं सर्वांत मोठी करून जे तुटतं ते. मग रंग.

आमचे ते टेस्टर काही महिन्यांनी परत आले. पहिल्या स्क्रीनवर त्यांनी तीन वेळा स्वाइप केलं, दोनदा टॅप केलं, "नोंद झाली" असं ऐकलं आणि पुढच्या स्क्रीनकडे वळले. तिथे आठवड्याचा आलेख होता. त्याचं लिखाण मला आजही नीट जमलेलं नाही. सध्या आलेखावर एक वाक्य आहे, "या आठवड्यात २१ पैकी १८ गोळ्या घेतल्या, तीनही चुकलेल्या सकाळच्या", आणि खाली दिवसवार यादी. ते वाक्य त्यांना पुरेसं वाटलं. पण मागच्या आठवड्याशी तुलना करायची झाली तर दोन्ही याद्या पूर्ण ऐकाव्या लागतात असं त्यांनी सांगितलं. त्या तुलनेचा कागद सध्या माझ्या टेबलावर आहे, चौथ्यांदा लिहितेय.